रिफ्रेशवाले काका

रिफ्रेशवाले काका प्रत्येक सोसायटीत एक असतात. दोन असले तर त्यांचे एकमेकांशी बोलणे नसते. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात बॉलपेनाशेजारी पेनड्राइव्ह. शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर बिघडला की त्यांना बोलावतात, आणि न बोलावताही ते येतात. खुर्ची पुढे ओढून बसतात, कुणी तक्रार सांगू लागले की हाताने थांबवतात आणि डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारतात. पाच-सहा वेळा, टिचक्या वाजवाव्यात तसे. आयकॉन लुकलुकतात. काका मान डोलावतात. "हं, आता बोला."

प्रिंटर चालत नसला तरी रिफ्रेश. मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसले तरी रिफ्रेश. डोंबिवलीच्या एका घरी स्क्रीनच काळी होती, तिथे काका घटकाभर अगदी पोरके झाले. मागची वायर निघालेली सापडली, ती त्यांनी खोचली, आणि विंडोज सुरू होताच राहिलेले सगळे रिफ्रेश व्याजासकट भरून काढले.

रिफ्रेशचे खरे काम फार छोटे आहे. डेस्कटॉप हाही एक फोल्डरच. त्यात काय काय आहे ते पुन्हा वाचायचे आणि आयकॉन नव्याने मांडायचे, एवढेच. एखादी नवी फाइल दिसायची राहिली असेल तर ती दिसू लागते. त्याने रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही, व्हायरस जात नाही. हे काकांना सांगून झालेले आहे. सांगणारा त्यांचा सख्खा भाचा, हिंजवडीत नोकरीला. काकांनी त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले, "असेल बाबा तुमच्याकडे तसं," म्हणाले, आणि रिफ्रेश मारला.

या श्रद्धेचे मूळ स्कूटरमध्ये सापडते. किक मारण्याआधी बजाजची स्कूटर एका अंगावर कलती करणारी ही पिढी. यंत्राकडून काम करून घ्यायचे तर आधी त्याला थोडे चुचकारावे लागते, हे तिला पक्के ठाऊक होते. स्कूटरच्या बाबतीत त्यात तथ्यही होते, कारण कलती केल्यावर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरायचे. कॉम्प्युटर कलता करता येत नाही. त्यात ६४ एमबी रॅमच्या मशीनवर आयकॉन पंगतीत पाने मांडावीत तसे एकेक करून उमटत. तिथे रिफ्रेश मारला की काहीतरी हलले, एवढे तरी डोळ्यांना दिसे.

काकांची आणि कॉम्प्युटरची पहिली भेट मात्र वैऱ्याची. काका बहुधा बँकेतले. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली, पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आले, आणि ते येऊ नये म्हणून भरलेल्या द्वारसभांमध्ये काका पहिल्या रांगेत होते. यंत्र माणसाला खाणार, असे त्यांनी माइकवरून सांगितलेले आहे. मग ते मशीन त्यांच्याच टेबलावर आले. बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळू लागला आणि काका नऊच्या लोकलऐवजी सव्वासहाच्या लोकलने घरी येऊ लागले. विरोध तिथेच मावळला. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, लाखभर कर्मचारी बाहेर पडले, त्यांत काका होते. त्या पैशातून कुणी फ्लॅट घेतला, कुणी मुलीचे लग्न उरकले. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड कॉम्प्युटर आणला, टॅक्सीत मॉनिटर मांडीवर घेऊन. ब्रँडेड घेणे म्हणजे स्टिकरला पैसे मोजणे, हे त्यांचे तेव्हापासूनचे मत. कॅबिनेटच्या डब्याला ते सीपीयू म्हणतात, पण त्याचा दोष एकट्या त्यांना देता येत नाही. सारा महाराष्ट्र म्हणतो.

घरात कॉम्प्युटरला देवघराच्या खालोखाल जागा मिळाली. काकूंनी त्याला झालरीचे कव्हर शिवले. खोलीत चपला घालून जायला बंदी. ही अट बँकेतून आली होती, तिथल्या एसी खोलीत धूळ जाऊ नये म्हणून. घरी एसी नव्हता, खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि समोर बांधकाम चालू होते. चपलांची अट तेवढी टिकली.

काकांची एक एकादशीही आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर लोळवले. चेर्नोबिलचा अपघात १९८६ मध्ये याच तारखेला झाला होता, म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणत. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकी, आणि जमल्यास मदरबोर्डवरचा बायोसही. तेव्हा काकांकडे कॉम्प्युटर नव्हताच. तरी दर २६ एप्रिलला मशीन बंद ठेवण्याचा नेम त्यांनी पुढे वर्षानुवर्षे पाळला. सीआयएच विंडोज ९५-९८ च्या पिढीवरच चालायचा. काकांकडे एक्सपी आले तरी नेम सुटला नाही. २७ तारखेला सकाळी आंघोळ करून मशीन लावायचे आणि पारणे फेडावे तसा भरघोस रिफ्रेश मारायचा.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. "स्वातंत्र्यदिनी दिलं ना, म्हणून लोक त्यावर स्वैर वागतात," ही या तारखेवरची काकांची मीमांसा. त्यांच्या घरी ते डायल-अपने आले. मोडेमची किंकाळी काका वैद्याने नाडी पाहावी तशी डोळे मिटून ऐकत आणि निदान सांगत: "आज लाइन खरखरतेय. पानं उघडायची नाहीत." नेट चालू म्हणजे फोन बंद. "अहो, आईचा फोन यायचाय," काकू आतून म्हणत. "दोन मिनिटं थांब, सत्त्याऐंशी टक्के झालंय." चार एमबीचे एक नाट्यगीत उतरायला चांगल्या लाइनवर पाव तास लागे, आणि लाइन सहसा नव्वद टक्क्यांच्या पुढे तुटे. काकूंच्या माहेरचे लोक त्या काळात पत्रे पाठवू लागले होते.

पुढे ब्रॉडबँड आले. सरकारी कंपनीच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडचे पैसे पडत नसत. काका अडीचचा गजर लावून उठत. काय उतरवायचे ते ठरलेले नसे. फुकटची वेळ वाया जाऊ नये, इतकेच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि पाहता पाहता डेटा रोजच्या मापाने मिळू लागला. मध्यरात्री बाराला उरलेले माप लयाला जाते, हे काकांना सोसत नाही. साडेअकराला पाऊण जीबी शिल्लक दिसला की ते उशाशी कीर्तन लावून झोपतात. ताटात काही टाकायचे नाही, हे संस्कार.

गेम या विषयावर मात्र त्यांच्यात तडजोड नाही. गेमने डोळे जातात, मार्क जातात आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येतो. यातले तिसरे अगदीच खोटे नव्हते, कारण पोरांचे गेम हातोहात फिरणाऱ्या चोरट्या सीडीवरून येत आणि त्यांच्यासोबत बरेच काही येई. २००३ मध्ये व्हाइस सिटी कॉम्प्युटरवर आला आणि त्याचे चीट कोड वह्यांच्या मागच्या पानांवरून शाळाभर पसरले. त्यातला एक कागद काकांना जिन्यात सापडला. वर लिहिले होते 'ॲस्पिरिन', खाली 'पॅन्झर'. पहिला शब्द टाइप केला की खेळातल्या माणसाची तब्येत पूर्ववत होते, दुसऱ्याने रस्त्यात रणगाडा अवतरतो. काका कागद घेऊन तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. "वहिनी, मुलगा गेम खेळून डोकेदुखीच्या गोळ्या घेतोय. त्यातली दुसरी तर मलाही नवीन आहे." मुलाचा कॉम्प्युटर महिनाभर बंद झाला. तो मुलगा आता गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि काकांना पाहिले की अजूनही जिना बदलतो.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले, "मी म्हणतच होतो." सरकारने कारण दिले होते देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा, मुलांच्या डोळ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. त्या दिवशी ग्रुपवर फक्त पाणी उशिरा येणार असल्याची सूचना आहे.

काका स्वतः फ्रीसेल खेळतात. तो गेम धरला जात नाही. "पत्ते आहेत ते. बुद्धीचे." विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. काकांनी सुटलेल्या डावांचे क्रमांक बँकेच्या जुन्या डायरीत, लेजरच्या वळणदार आकड्यांत, रकाने आखून लिहिले आहेत. त्या ३२,००० पैकी एकच डाव न सुटणारा आहे, ११९८२. जगभरच्या हौशी खेळाडूंनी सगळे डाव आपसांत वाटून घेऊन ही गोष्ट नव्वदच्या दशकातच तपासली होती. डायरीत ११९८२ पुढे तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि शेरा: 'रिफ्रेश करून पाहिले. पुन्हा बघू.'

तरीही लोक त्यांना बोलावत राहिले. काका पैसे घेत नाहीत हे एक कारण. अर्धा कप चहा घेतात, तोही काम झाल्यावर. दुसरे कारण त्याच डायरीच्या मागच्या पानांवर आहे. डोंबिवलीतली मुले न्यू जर्सीला आणि सिडनीला गेली, तेव्हा मागे राहिलेल्या आईवडिलांची ईमेल खाती काकांनी उघडून दिली, वेबकॅम जोडून दिले, याहू मेसेंजर शिकवले. बिल्डिंगमधल्या अकरा म्हाताऱ्या माणसांचे पासवर्ड त्या पानांवर शाईने लिहिलेले आहेत. शेजारी प्रत्येक मुलाच्या गावच्या घड्याळातला फरक, उन्हाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. सुरक्षेच्या कोणत्याही नियमात हा प्रकार बसत नाही. त्यातला एकही पासवर्ड आजवर बाहेर गेलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना न्यू जर्सीत नातू झाला होता, तीन आठवड्यांचा. काकांनी सकाळी साडेसहाला मशीन लावून दिले. तिकडे रात्रीचे नऊ. चित्र आले. बाळाने जांभई दिली आणि तोंड उघडे असतानाच नेट गेले. चित्र तिथेच गोठले. काकांचा हात सवयीने माउसवर गेला.

"राहू दे हो," आजी म्हणाल्या. "असाच राहू दे."

काकांनी हात काढून घेतला. पंधरा मिनिटे ते बाळ जांभई देत होते आणि आजी पदराचे टोक धरून बघत होत्या. काका खिडकीशी जाऊन दुधाच्या गाड्या मोजत उभे राहिले. हाताशी माउस असताना रिफ्रेश न मारल्याची ही एवढीच नोंद सापडते.

फोनवर राइट क्लिक नसते. आता आजीलोक स्वतःच बोटाने व्हिडिओ कॉल लावतात, आणि अडले तर चौथीतली नात सांगते. काकांना बोलावणे येते ते मुख्यतः नोव्हेंबरात, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी. बोटाचे ठसे घेणारे छोटे यंत्र त्यांनी स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवले आहे. भांडी घासून, पिठे मळून झिजलेले अंगठे ते यंत्र लवकर ओळखत नाही. काका ओल्या रुमालाने अंगठा पुसतात, फुंकर घालतात, पुन्हा काचेवर टेकवतात. "थांबा काकू, जरा रिफ्रेश करू." इथे मात्र उपाय लागू पडतो.

जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती आली, तिच्यात डेस्कटॉपवर राइट क्लिक केल्यावर रिफ्रेश दिसत नसे. तो 'आणखी पर्याय' या दुसऱ्या यादीत ढकललेला होता. जुलैमधल्या आवृत्तीत तो पुन्हा पहिल्या यादीत आणून बसवला गेला. तो परत मागणारे सगळेच काही डोंबिवलीचे नसावेत. काकांचे स्वतःचे मशीन जुने असल्याने त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० आहे, आणि त्याचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालू आहे. भेटायला जाणाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात.