थांबायची हौस

(पुण्यातलं गॅरेज, शनिवारची सकाळ. जॅकवर दोन सीटची, उघड्या टपाची बुटकी गाडी. लांबलचक बोनेट, पुढची चाकं अंगाबाहेर, त्यांच्यावर सुटे मडगार्ड. शेजारी मालक, खाली मिस्त्री, पान्यांच्या ढिगाऱ्यात पोऱ्या.)

गाडीवाला : मिस्त्री, ब्रेक बदलायचेत. चारही चाकांचे. खर्चाकडे बघू नका.

मिस्त्री : असं बोलणारं गिऱ्हाईक आलं की मला आधी भीती वाटते. ब्रेक लागत नाहीत का?

गाडीवाला : लागतात.

मिस्त्री : गाडी एका बाजूला ओढते? आवाज येतो?

गाडीवाला : नाही हो.

मिस्त्री : मग दुखतंय कुठे?

गाडीवाला : अहो, ही स्पोर्ट्‌स कार आहे! इंग्लंडात 1957 साली कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन काढली, तिच्या घराण्यातली!

मिस्त्री : घराणं इंग्लंडचं, जन्म अलिबागजवळ कार्लेखिंडीतला आणि इंजिन अँबॅसडरमध्ये बसायचं ते इसुझू. ही चिंकारा गाडी मला ठाऊक आहे, साहेब. आणि तुमच्या त्या पहिल्या सेव्हनला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते.

गाडीवाला : असतील. पण जग्वारने 1953 साली ले मांसची शर्यत मारली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर.

मिस्त्री : ती शर्यत 24 तासांची. तुमची?

गाडीवाला : (आवाज उतरवून) लोणावळ्यापर्यंत. मिसळ खायला.

पोऱ्या : चिकीपण आणतात, उस्ताद. मागच्या वेळी सीटखाली सापडली.

गाडीवाला : (फोन पुढे करत) हे बघा. सहा पिस्टनचे कॅलिपर, भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क. आणि कॅलिपर लालच हवेत.

मिस्त्री : (फोन नाकाशी धरून) झकास आहेत. आता पिस्टन मोठे आणि जास्त, म्हणजे ते ढकलायला ऑइल जास्त लागणार. तुमचा मास्टर सिलिंडर आहे तेवढाच. पेडल खोल जाणार.

गाडीवाला : मग मास्टर सिलिंडरही मोठा घ्या.

मिस्त्री : घेतला. आता पेडल कडक झालं. आणि ही डिस्क तुमच्या रिममध्ये मावत नाही.

गाडीवाला : रिम मोठी घ्या.

मिस्त्री : रिम मोठी, तर टायर वेगळा. टायर मडगार्डला घासला, तर मडगार्ड उचलायचा. तेवढ्यात आरटीओवाले गाडी बाजूला घ्यायला सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तेच सांगितलंय. विमेवाला तर अशा संधीची वाटच बघत असतो.

गाडीवाला : बरं, पुढचे राहू द्या. मागे तरी मोठे ब्रेक लावा.

मिस्त्री : आणि अंत्यविधीचं सामान कुणी आणायचं? ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात. त्यांनाच जोरात आवळलं तर ती आधी जॅम होणार. मागची बाजू पुढे येणार आणि तुम्ही पुण्याकडे तोंड करून मुंबईला पोचणार.

गाडीवाला : म्हणजे काहीच करायचं नाही?

मिस्त्री : करायचं ना. पोऱ्या, बॅटरी मार. साहेब, टायरवरचे हे चार आकडे वाचा.

गाडीवाला : दोन, दोन, एक, चार. मॉडेल नंबर असेल.

मिस्त्री : जन्मतारीख आहे. 2014 सालचा बाविसावा आठवडा.

गाडीवाला : पण नक्षी बघा! अजून नव्यासारखी.

मिस्त्री : नक्षीला काय झालंय? रबर मेलंय. नख रोवून बघा, रुततंय का? साहेब, ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो टायर. प्रत्येक चाकाचा तळहाताएवढा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो, सगळी गाडी त्या चार तळहातांवर थांबते. तुमचे आत्ताचे ब्रेकसुद्धा हे टायर जॅम करतात. वर सहा पिस्टन लावून घसरायला काय आणखी मदत पाहिजे?

गाडीवाला : (नख बघत) टायर लिहा. पुढे?

मिस्त्री : ही ब्रेक ऑइलची डबी. रंग बघा.

गाडीवाला : चहा.

मिस्त्री : तोही उकळलेला. नवीन डॉट 4 ऑइल फिकट पिवळं असतं. हवेतलं पाणी ओढायचा त्याला नाद, त्यात तुम्ही गाडी वर्षानुवर्षं ठेवली समुद्राकाठच्या घरी. कोरं ऑइल 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द 155 वर येऊ शकते.

गाडीवाला : मिसळ खायला जाताना 155 अंश कुठून येणार?

मिस्त्री : जाताना नाही. पुढे खोपोलीकडे बोरघाट उतरताना. तुम्ही वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर, पुढे कंटेनर. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करायचं यंत्र. ताशी 60 वरून थांबताना जेवढी उष्णता होते, त्याच्या चौपट 120 वरून. ऑइल उकळलं की नळीत वाफ. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पाय थेट जमिनीला.

गाडीवाला : (घाम पुसत) मग उपाय?

मिस्त्री : ऑइल बदलायचं, दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं आणि घाटात गिअर खाली टाकायचा. तो फुकट आहे.

गाडीवाला : ऑइल बदला आणि गिअर टाका? एवढ्यावर मला वाटेला लावताय? मी काय अलिबागहून आलोय?

मिस्त्री : तुम्ही नाही, गाडी आलीय. म्हणून तर ती मुकाट्याने ऐकतेय. पोऱ्या, तो होज पाइप वाकवून दाखव.

पोऱ्या : (वाकवत) भेगा पडल्यात, उस्ताद.

मिस्त्री : पेडल दाबलं की थोडी चाल हा पाइप फुगण्यातच जाते. स्टीलची जाळी असलेले घालू. चांगले पॅड घालू. हवा काढू. गाडी हलकी आहे. हलकी गाडी म्हणजे अर्धे ब्रेक फुकटात. एकच, नव्या पॅडवर पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक मारायचा नाही. आधी बेताबेताने मारून ते डिस्कवर बसू द्यायचे.

गाडीवाला : आणि बाहेरून काय दिसेल?

मिस्त्री : काही नाही.

गाडीवाला : काहीच नाही? मग मित्रांना दाखवू काय?

मिस्त्री : चांगले ब्रेक कुणाला दिसत नाहीत, साहेब. वाईट असले की सगळं गाव बघायला जमतं.

गाडीवाला : (हताश) एवढं केल्यावर जागच्या जागी थांबेल ना?

मिस्त्री : तुमची थांबेल. तुमच्या मागची एसटी थांबेल का? तिच्या ब्रेकचंही कोटेशन तुमच्याच नावावर काढू?

गाडीवाला : तिला मी काय करणार?

मिस्त्री : तुम्ही थांबताय हे तिला कळवायचं. पेडल दाबा. पोऱ्या, मागे बघ.

पोऱ्या : उजवा लागतोय. डावा मेलाय, उस्ताद.

मिस्त्री : लिहा, ब्रेक लाइटचा बल्ब एक. दहा-वीस रुपयांचं काम. जीव वाचवायला यापेक्षा स्वस्त माझ्याकडे काही नाही.

गाडीवाला : (बराच वेळ विचार करून) हा बल्ब इम्पोर्टेड येतो का हो?