रतीब सरकारचा, म्हैस दुसऱ्याची

दुसऱ्या महायुद्धात मुंबई सरकारने धान्याला रेशनकार्ड लावले. दूध मात्र मोकाट राहिले होते. शहरातल्या दुधाचा नमुना लंडनला तपासायला गेला आणि अहवाल तिथल्या गटाराच्या पाण्याची बाजू घेणारा आला, असे 'अमूल'चे वर्गीस कुरियन सांगत. तेच दूध साहेबाच्याही चहात पडत असणार. त्यामुळे प्रश्न तातडीचा ठरला.

१९४५ मध्ये 'बॉम्बे मिल्क स्कीम' निघाली. सरकारची नजर गेली थेट खेडा जिल्ह्यातल्या आणंदवर, सव्वाचारशे किलोमीटर लांब. तिथली पोल्सन डेअरी लष्कराला लोणी पुरवत होती, आणि लोणी लावण्याचा अनुभव सरकारदरबारी कधी वाया जात नाही. पोल्सनने दूध पाश्चराइझ करून रेल्वेत चढवायचे, असा करार झाला.

आखणीत कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून केवढी काळजी! पोल्सनला काय द्यायचे, ते ठरले. मधल्या ठेकेदाराचाही वाटा सुटला. आसपासच्या गावांतले दूध दुसऱ्या कुणी गोळा करू नये, याचाही बंदोबस्त झाला. गिऱ्हाइके दोन झाली की दूध नासते, असे काही शास्त्र तेव्हा असावे. दूध घालणाऱ्याला काय मिळावे, एवढेच ठरवायचे राहून गेले. लढाई चालू असताना माणूस कुठेकुठे पुरणार? ते काम ठेकेदाराने चरवीत डोकावून उरकायचे. तो आंबट म्हणाला की दूध आंबट. म्हशीला अपिलाची सोय नव्हती.

युद्ध संपले, योजना उरली. शेतकरी वल्लभभाईंकडे गेले, त्यांनी मोरारजी देसाईंना धाडले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली: गावोगाव सोसायट्या काढायच्या, सरकारने दूध त्यांच्याकडूनच घ्यायचे, नाहीतर कुणालाच मिळणार नाही. सरकारने नाही म्हटले. (फाइलीतल्या दुधाला आचळे नसतात, हे त्या कचेरीत कुणाला ठाऊक नसावे.)

पंधरा दिवस व्यापाऱ्याला थेंब मिळाला नाही. मुंबईची योजना आडवी झाली, आणि इंग्रज दूध आयुक्त सहायकाला घेऊन आणंदच्या गाडीत बसले. मुंबईला दूध पाजणाऱ्या खात्याचा प्रमुख अखेर दूध काढणाऱ्याच्या गावी पोचला. मागण्या मान्य झाल्या. त्याच वर्षी १४ डिसेंबरला खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला, त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. सरकारी अहवालात त्या पंधरा दिवसांची नोंद 'पुरवठ्यातील तात्पुरता व्यत्यय' अशी झाली असेल, तर मला नवल वाटणार नाही.