चौथ्या फळीचा जोन्सी

कॉलेजात आइस हॉकी खेळणारा अमेरिकन मुलगा मांड्यांवरून ओळखावा. चालायला लागल्यापासून स्केटवर वाकून जोर काढल्यामुळे त्याच्या मांड्या बाकीच्या देहाच्या बऱ्याच पुढे निघून गेलेल्या असतात. दुकानात जी जीन्स कंबरेला बसते ती मांडीपाशी अडते, आणि जिच्यात मांडी शिरते तिच्या कंबरेत आणखी एक जण मावतो. त्यामुळे जीन्सचा नाद सोडून तो संघाची ढगळ पँट आणि संघाचाच टोपीवाला स्वेटशर्ट यांत सगळं कॉलेज काढतो. बाहेर उणे पंधरा असो, पायात पांढरे मोजे आणि त्यांवर रबरी सपाता. बंद बांधण्याचे सगळे कष्ट त्याने स्केटसाठी राखून ठेवलेले असतात.

अशांतला एक घेऊ आणि त्याला जोन्सी म्हणू. या जमातीत आडनावाला शेपूट लावूनच हाक मारतात, तेव्हा दर संघात एक तरी जोन्सी निघतोच. आमचा जोन्सी मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या बाजूच्या एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. मी तिथेच एम.एस. करता करता त्याच्या संख्याशास्त्राच्या वर्गाचा टीचिंग असिस्टंट होतो. म्हणजे पेपर तपासायचे, शंका सोडवायच्या आणि खेळाडूंच्या गैरहजेरीची पत्रं फायलीला लावायची. संख्याशास्त्र हा विषय खरं तर दुसऱ्या वर्षी उरकायचा. जोन्सीने तो ढकलत ढकलत शेवटच्या सहामाहीपर्यंत आणला होता.

त्या मुलखात काही ठिकाणी हिवाळ्याला दोनशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. आम्ही तो फावड्याने उपसायचो आणि महाबळेश्वरच्या थंडीला थंडी म्हटल्याबद्दल एकमेकांना हसायचो. तिथल्या लोकांनी मात्र शंभरेक वर्षांपूर्वीच त्यातून धंदा काढला. त्याच भागातल्या हॉटन गावी १९०४ मध्ये हॉकी उघडपणे पैसे घेऊन खेळणारी पहिली लीग उभी राहिली. तिच्यामागचा मोठा माणूस डॉक गिब्सन व्यवसायाने दंतवैद्य होता. गिऱ्हाईक कुठून येईल याचा इतका दूरवरचा विचार फार थोड्यांनी केला असेल.

जोन्सीचाही वरचा एक दात नव्हता, पण तो कॉलेजच्या खात्यावर मांडता येत नाही. कॉलेज हॉकीत तोंडावर पूर्ण जाळी सक्तीची, आणि मारामारी केली तर त्या सामन्यातून हकालपट्टी व पुढच्या सामन्याला बंदी. दात गेला तो ‘ज्युनिअर’मध्ये. शाळा अठराव्या वर्षी संपते, पण कॉलेजचे प्रशिक्षक म्हणतात, अजून जरा पिकू द्या. मग मुलगा आयोवा-नेब्रास्कातल्या कुठल्याशा गावी जाऊन वर्ष-दोन वर्षं ज्युनिअर लीग खेळतो आणि एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या तळघरात राहतो. या यजमानांना बिलेट म्हणतात. बिलेट-आई त्याला जेवायला घालते, सामन्याला येऊन खऱ्या आईपेक्षा मोठ्याने ओरडते आणि निघताना रडते. अशा रीतीने विसाव्या-एकविसाव्या वर्षी तो कॉलेजच्या पहिल्या वर्गात येतो. अठरा वर्षांच्या पोरांत बसला की पालकसभेला आल्यासारखा दिसतो.

चोवीस वर्षांचा जोन्सी माझ्याहून मोठा होता, तरी मला ‘सर’ म्हणायचा. मलाच कशाला, बसचा ड्रायव्हर, ग्रंथपाल, कॅन्टीनमध्ये अंडी वाढणाऱ्या बाई, सगळ्यांना ‘सर’ नाही तर ‘मॅम’. शुक्रवारी रात्री समोरच्याला कठड्यावर चेपणारा हा माणूस सोमवारी सकाळी मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी दार धरून उभा. एकदा त्याने ते दार इतका वेळ धरलं की तास सुरू झाला तेव्हा सगळा वर्ग आत आणि जोन्सी बाहेर.

त्याचं संघातलं स्थान सांगायला हवं. बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण असतात. त्यांतल्या पुढच्या तिघांची एक फळी, अशा चार फळ्या. पहिली गोल करते, दुसरी गोल करण्याचा प्रयत्न करते, तिसरी समोरच्यांना गोल करू देत नाही आणि चौथी या तिघींना दम घेऊ देते. जोन्सी चौथीत. एक खेप जेमतेम पाऊण मिनिटाची. कठड्यावरून उडी मारून आत जायचं, जीव खाऊन पळायचं, कुणाला तरी धडकायचं आणि परत येऊन बाकावर बसायचं. साठ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला सात-आठ मिनिटं आली तर तो दिवस भरभराटीचा. त्या सात-आठ मिनिटांसाठी त्याची झोप, जेवण, विषयांची निवड आणि प्रेमप्रकरणं यांचं वेळापत्रक ऑगस्टमध्येच छापून तयार असायचं.

कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए. ती मोठी नियमाची. विद्यार्थी आधी विद्यार्थी आहे, तेव्हा हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त वेळ त्याला खेळात गुंतवू नये, असा तिचा दंडक आहे. ऐकून डोळे भरून येतात. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा मोजायचा, आणि प्रवास तर मोजायचाच नाही. सामने शुक्रवारी आणि शनिवारी. मुक्काम ओहायोतलं बोलिंग ग्रीन असो की मिनेसोटातलं बेमिजी, गुरुवारी निघालेली बस रविवारी उजाडताना परत येते. एवढ्या अवधीत जोन्सी कागदोपत्री सहा तास खेळलेला असतो. ही पद्धत त्याच्या डोक्यात इतकी भिनली होती की गृहपाठाला किती वेळ दिलास असं विचारल्यावर तो म्हणाला, “सर, प्रवास धरून की सोडून?”

अभ्यासाच्या प्रगतीचाही नियम आहे. दुसरं वर्ष संपताना पदवीचा चाळीस टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याच्या शेवटी साठ, चौथ्याच्या शेवटी ऐंशी. चार वर्षांत शंभर व्हावेत असा हट्ट कुणी धरत नाही. जोन्सी या तिन्ही पायऱ्या अगदी काठाकाठाने चढला. त्याची पदवी ‘सप्लाय चेन’ची. पगारी सल्लागार, शिकवणीवाले, रात्रीचा सक्तीचा अभ्यासवर्ग अशी सगळी फौज त्याच्या मागे होती. परगावी परीक्षा आली तर हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत सहायक प्रशिक्षक पर्यवेक्षक म्हणून बसायचा. तिथून आलेल्या एका उत्तरपत्रिकेवर मेपल सिरपचा डाग होता. उत्तर चुकलं होतं, पण पान उलटता येत नसल्यामुळे ते बराच वेळ माझ्या लक्षात राहिलं.

आमच्याकडे दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि तेवढ्यात खेळाचं ऋण फिटतं. मार्कशीट हातात आली की पोरगा क्लासला. इथे उलटं. खेळणारा फी भरत नाही, निदान सगळी भरत नाही. एनसीएएच्या पहिल्या विभागातल्या संघाला वर्षानुवर्षं अठरा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि मुलं त्याहून जास्त. मग प्रशिक्षक त्या शिष्यवृत्त्यांचे तुकडे करून वाटायचे. (हार्वर्ड, कॉर्नेल वगैरे आयव्ही लीगवाले खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. त्यांच्या मते त्यांच्याकडे प्रवेश मिळणं हेच बक्षीस.) जोन्सीच्या वाट्याला पाव शिष्यवृत्ती आली होती. पहिल्या फळीतल्यांना पूर्ण, गोलरक्षकाला पूर्ण, याला पाव. पण स्वतःला चतुर्थांश खेळाडू समजण्याचा दोष त्याच्यात अजिबात नव्हता.

सराव संपवून तो तडक माझ्याकडे शंका विचारायला यायचा, बॅग घेऊन. हॉकीची बॅग म्हणजे घामात भिजलेली, अर्धवट वाळलेली आणि पुन्हा भिजलेली चिलखतं. ऑफिसातला माझा एक सहकारी माझ्या डब्यातल्या कांदा-लसूण मसाल्याबद्दल नाक मुरडायचा. जोन्सीची बॅग एकदा तासभर त्याच्या टेबलाशेजारी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तो मला आपण होऊन विचारू लागला, “आज डबा आणला नाहीस का?”

शंकासमाधान अवघड जायचं. सामन्यानंतर वार्ताहरांशी बोलायची एक भाषा या मुलांना शिकवलेली असते, तिच्यात काहीही बोललं तरी काहीही सांगितलं जात नाही. जोन्सीला कुणी वार्ताहर कधी विचारत नव्हते, त्यामुळे ती सगळी भाषा त्याच्याकडे न वापरता शिल्लक होती. ती मी ऐकली.

“जोन्सी, नमुना लहान असला तर काय होतं?”

“सर, आपण आपला खेळ साधा ठेवायचा. पक खोल टाकायचा, गोलच्या तोंडाशी गर्दी करायची. मग एखाद वेळी तो आपल्या बाजूने उसळतो, एखाद वेळी नाही.”

नीट पाहिलं तर हे फारसं चूक नव्हतं.

आम्ही चार-पाच मराठी मुलं त्याचा सामना बघायला गेलो. कोल्हापूरचा आमचा एक मित्र माकडटोपी घालून आला होता. पक पाहण्यात आमचा पहिला भाग गेला. तीन इंच रुंद, एक इंच जाड, गोठवून ठेवलेली रबरी चकती. ती दिसते तेव्हा जिथे दिसते तिथे नसते. प्रेक्षकांचं मात्र सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. गोल झाला की विद्यार्थ्यांचा अख्खा सज्जा बँडच्या तालावर समोरच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून “चाळणी! चाळणी!” असं ओरडतो आणि वर सगळी चूक तुझीच आहे हेही त्याला सुरात कळवतो. कॉर्नेलमध्ये तर हार्वर्डचा संघ आला की प्रेक्षक बर्फावर मासे फेकतात. हे ऐकून आमचा कोल्हापूरकर गंभीर झाला. मासे वाया घालवणं त्याला पटलं नाही, पण एकही शिवी न देता इतका अपमान करता येतो याचा त्याच्यावर परिणाम झाला. जोन्सी आत आला, कुणाला तरी धडकला आणि बाहेर गेला. “संपलं?” मित्राने विचारलं. पाऊण मिनिट झालं होतं.

या मुलांची दैवतं ठरलेली आहेत. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बहुतांशी कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स. हा मिनेसोटा विद्यापीठातून आलेला. पण जोन्सीला भावायचा तो वीस वर्षांपूर्वीचा ब्रूक्स. १९६० च्या ऑलिंपिक संघातून तो अगदी शेवटच्या क्षणी वगळला गेला आणि त्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. बाकावर बसणाऱ्यांना स्वतःचा संत असतो तो हा.

दुसरं दैवत केन ड्रायडेन. कॉर्नेलमध्ये इतिहास शिकला, १९७१ मध्ये मॉन्ट्रियलसाठी स्टॅन्ली कप हा हॉकीतला सर्वात मानाचा चषक जिंकला, खेळता खेळता मॅकगिलमधून वकील झाला आणि १९७३-७४ चा हंगाम चक्क सोडून टोरंटोच्या वकिली कचेरीत उमेदवारी केली. पुढे कॅनडात मंत्रीही झाला. आमचे प्राध्यापक हे उदाहरण वर्गात द्यायचे: बघा, एवढ्या मोठ्या खेळाडूने अभ्यासासाठी हॉकी सोडली! जोन्सी मान डोलवायचा आणि जाता जाता मला म्हणायचा, “पुढच्या वर्षी परत आला, सर.”

आमचा खरा झगडा झाला तो शक्यतेच्या प्रकरणावर. एनएचएल या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमधले साधारण एक-तृतीयांश खेळाडू अमेरिकन कॉलेजांतून आलेले असतात. जोन्सीला हा आकडा तोंडपाठ होता. “म्हणजे सर, तिघांत एक!”

मी फळ्यावर मांडलं. एनएचएलमधला खेळाडू कॉलेजातून आलेला असण्याची शक्यता वेगळी, आणि कॉलेजातला खेळाडू एनएचएलमध्ये जाण्याची वेगळी. पहिल्या विभागात साठावर संघ, प्रत्येकात पंचवीसच्या वर मुलं, म्हणजे दीड हजारावर इच्छुक. तिकडे बत्तीस संघ, आणि कॉलेजवाल्यांच्या वाट्याच्या त्या अडीचशेक जागांवर कुणी ना कुणी आधीच बसलेलं. त्यातले काही दहा दहा वर्षं उठत नाहीत. जोन्सीने सगळं उतरवून घेतलं, अधोरेखित केलं आणि प्रांजळपणे म्हणाला, “सर, आमच्या फळीतल्या बाकीच्या दोघांना हे सांगायला हवं.”

मार्चमध्ये संघ बाद झाला. जोन्सीच्या चार वर्षांच्या शेवटच्या सामन्यानंतर सगळी फळी रडली. चौथ्या दिवशी त्याला फोन आला. ईसीएचएल ही एनएचएलच्या दोन पायऱ्या खालची लीग. हंगामाच्या शेवटी तिथे दुखापतींमुळे माणसं कमी पडतात आणि कॉलेजातून सुटलेली पोरं नेमकी तेव्हाच मोकळी होतात. बोलावणं फ्लोरिडातून होतं. दोनशे इंच बर्फाचा मुलूख सोडून जोन्सी हॉकी खेळायला नारळीच्या झाडांत गेला आणि माझ्याकडे गैरहजेरीचं आणखी एक पत्र आलं.

शेवटची परीक्षा त्याने तिथूनच दिली. मी मुद्दाम तोच प्रश्न घातला होता. दोन्ही शक्यतांमधला फरक जोन्सीने सूत्रानिशी, आकड्यांनिशी अचूक लिहिला. खाली आणखी दोन ओळी होत्या: “सर, जे पोहोचले त्यांची शक्यताही पोहोचण्याआधी एवढीच होती. कृपया तपासून पाहावं.”

मी तपासलं. गफलत होती. पहिल्या फळीची शक्यता आणि चौथ्या फळीची शक्यता एक नसते. पण मूळ प्रश्नात फळी विचारलेली नव्हती, आणि न विचारलेल्याबद्दल गुण कापायला नियमात जागा नव्हती. पूर्ण गुण देऊन टाकले.