बंद काचेच्या मोटारधारकांसाठी सूचना

मोटारीची काच खाली होत नाही, ही तक्रार गाडीसोबतच्या पुस्तिकेत विजेच्या बिघाडांत घातलेली असते. छत्रपती संभाजीनगरापुरती ती लोकव्यवहारात घालायला हवी. इथे काच हवेसाठी खाली करतच नाहीत. मे महिन्यात 42 अंशांना जालना रोडची हवा कोण आत घेईल? काच खाली होते ती बोलायला. आकाशवाणीच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून आतेभावाने "कुठं निघाला?" असं विचारलं, तर काचेआडून मान हलवून भागत नाही. गाडी घेतल्यापासून माणूस बदलला, ही बातमी दिवेलागणीच्या आत सिडकोपासून पडेगावपर्यंत पोचलेली असते. म्हणून सूचना पहिली: यंत्राच्या आधी अब्रूची दुरुस्ती करावी. दार उघडून, एक पाय रस्त्यावर टेकवून, "काच बंद पडलीय रे!" असं खड्या आवाजात जाहीर करावं. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्यावेत; तेवढेच साक्षीदार वाढतात.

आता यंत्राकडे वळू. चालकाच्या दारावर काचांची बटणं असतात, तिथेच शेजारी आणखी एक, फुली मारलेल्या काचेचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलेलं असेल तर इतर दारांची बटणं मुकी होतात. हे बटण लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी दिलेलं असून बहुधा लहान मुलांनीच दाबलेलं असतं. गॅरेजवाला ते एका बोटाने पूर्ववत करतो आणि मग बॉनेट उघडून पाच मिनिटं गंभीरपणे आत बघतो. त्याला नावं ठेवू नयेत. बॉनेट न उघडता काच चालू झाली तर पैसे देताना आपलाच हात आखडतो.

सगळ्याच काचा एकदम संपावर गेल्या असतील तर संशय फ्यूजवर किंवा रिलेवर घ्यावा. एकच अडली असेल तर गुन्हेगार त्याच दारात लपलेला आहे: बटण, मोटर, काच उचलणारी मशीन, नाहीतर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर. दार उघडझाप करून करून ती वायर आतल्या आत तुटते, वरून रबर मात्र धडधाकट दिसतं. फ्यूज तपासणं सोपं आहे, पिवळा 20 अँपिअरचा आणि हिरवा 30 चा. पिवळा दोनदा उडाला की "हिरवा टाका ना, कशाला डोकं लावता" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकलं तर फ्यूज खरोखरच पुन्हा उडत नाही, फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं.

इथपर्यंत आलात की घरातले इंजिनिअर जागे होतात. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, वाळूजला बजाजचा आणि त्यांच्या आगेमागे सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या. त्यामुळे या शहरात ज्याचा एकही मेहुणा क्वालिटीत नाही असा गृहस्थ सापडणं अवघड. मेहुणा पाच वेळा "का?" विचारतो. काच का अडली? मोटर फिरत नाही म्हणून. मोटर का फिरत नाही? चौथ्या "का"ला आपण गाडी कोणाच्या सल्ल्याने घेतली हा विषय निघतो आणि पाचव्याला बहीण चहा घेऊन येते. मूळ कारण सापडत नाही. निदान ते कागदावर मात्र नीट मांडलेलं असतं.

त्यापेक्षा कान लावावा. रात्री, गल्ली शांत झाल्यावर, चावी फिरवून बटण दाबावं. काहीच आवाज नाही, म्हणजे वीजच पोचत नाही. "टक्" होऊन शांतता पसरली, म्हणजे वीज पोचली आहे, मोटर किंवा काच अडली आहे. मोटर घुर्र करतेय आणि काच जागची हलत नाही, म्हणजे मशीनची तार तुटली. तिथे घरगुती उपाय संपले. काच हलते पण म्हातारपणी जिना उतरल्यासारखी, तर इंजिन चालू करून पुन्हा बघावं, कारण बॅटरी उतरली असेल तर मोटरला जोर पुरत नाही. आणि बटण दाबून धरून बसू नये. मोटर तापली की तिच्यातलं संरक्षण तिला आपोआप बंद करतं, थंड झाली की ती पुन्हा चालते. एवढ्या अवधीत आपण जो नवस बोललेला असतो, तो मग फेडावा लागतो.

एक हात बटणावर ठेवून दुसऱ्याने दाराच्या आतल्या बाजूस थाप मारणे, या उपायाला सुशिक्षित लोक हसतात. हसू नये. मोटरमध्ये कार्बनचे छोटे ब्रश असतात, ते झिजून अडकले की थापेच्या हादऱ्याने घटकाभर सुटतात. काच त्या वेळेपुरती खाली येते आणि थाप मारणारा सासरच्या मंडळींत आयुष्यभरासाठी वर जातो. ब्रश झिजलेलेच राहतात, हे सांगायला त्या वेळी कुणी जाऊ नये.

खाचेतली धूळ हा मात्र अस्सल स्थानिक प्रकार. जलवाहिनीसाठी रस्ता खणला, खणून बुजवला आणि बुजवलेला पुन्हा उकरला की जी माती उडते, ती काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरात जाऊन बसते. उन्हात रबर मऊ होऊन काचेला धरून ठेवतं. इथे घरात मिळेल ते तेल सोडायचा मोह होतो. खोबरेल, शिलाई मशीनचं, कुणी तर देवघरातलंही आणतो. तेलावर धूळ जास्त बसते, आणि खनिज तेलाने रबर फुगतं. ओल्या फडक्याने खाच पुसून सिलिकॉनचा स्प्रे मारावा. सुट्या भागांच्या दुकानात तो मिळतो.

ज्यांनी काचांना काळी फिल्म लावून घेतली आहे त्यांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली अशा फिल्मवर बंदी घातली, तरी काहींच्या गाडीत ती अजून "आधीपासूनच होती" या सदरात टिकून आहे. फिल्मचा खालचा कोपरा सुटतो, गुंडाळी होऊन रबरात शिरतो आणि काच अडते. नेमकं तेव्हाच क्रांती चौकात हवालदार बोटाने काचेवर टकटक करतो. आत माणूस आहे, काच काळी आहे आणि ती खाली घ्यायला तो तयार नाही, एवढंच त्याला दिसतं. या प्रसंगी बिघाडाचं स्पष्टीकरण देऊ नये. ते खरं असतं, पण खऱ्याला इतकं खोटं दिसताना सहसा कुणी पाहिलेलं नसतं.

समृद्धी महामार्गावरून सावंगीला उतरणाऱ्यांनी फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे आधी बघावं. टोल उतरतानाच कापला जातो. टॅग वाचला गेला नाही तर टोलच्या खिडकीतून हात बाहेर येतो, आणि तुमची काच बंद. दार उघडावं तर टोलच्या कठड्याला अडून ते वीतभरच उघडतं. त्या फटीतून कार्ड देणं, घेणं, पावती ओढणं आणि मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकणं हे सगळं जमवताना 1940 साली अमेरिकेत पॅकार्डने बटणाची काच आणली म्हणून मनातल्या मनात जे बोलाल, त्यात त्या कंपनीचा दोष नाही. तिची काच तेलाच्या दाबावर चालायची. हाताने फिरवायचं हँडल आपण आपल्या खुशीने काढून टाकलं आहे.

शेवटी सिल्लेखान्यातल्या गॅरेजात जावंच लागतं. मिस्त्री बटण एकदा दाबतो, कान तिरपा करतो आणि म्हणतो, "मोटर सही है साब, मशीन गई." तुम्ही रात्री गल्लीत कान लावून शिकलेलं सगळं त्याला सांगावं. तो "हौ हौ" म्हणत दाराचं आतलं पॅड काढायला घेईल. पॅडच्या क्लिपा दोन-चार तुटतातच, नव्या आधीच मागून घ्याव्यात, नाहीतर पुढे सहा महिने गतिरोधकावर दार खुळखुळतं. जवळ उभं राहावं, पण हात लावू नये आणि मेहुण्याला फोन तर मुळीच लावू नये. नवी मशीन बसली की जुनी परत मागावी. तिचा घरी काही उपयोग नाही. पण ती मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत खरोखर नवीच बसते.