मांडीवरची बॅटरी

लेहच्या विमानाला निघालेल्या हौशी फोटोग्राफरचं सामान एकदा नीट पाहावं. लेन्स मऊ कापडात, कापड पिशवीत, पिशवी कप्प्यात, कप्पा बॅगेत आणि बॅग काकांच्या छातीशी. लेन्सवर ओरखडा उठला तर काका विमानतळावरच ओक्साबोक्शी रडतील, अशी एकूण व्यवस्था. आणि जादाच्या बॅटऱ्या? त्या बाकरवडीच्या पुड्याशेजारी, घराच्या किल्ल्या, सुटी नाणी आणि काकूंच्या सेफ्टी पिनांच्या संगतीत मोकाट खुळखुळत असतात. नाहीतर 'हातात ओझं कशाला' म्हणून मोठ्या बॅगेत, लोकरी मोज्यात कोंबून चेक-इनला गेलेल्या असतात. वास्तविक लेन्स पडली तर फुटेल, दोन दिवस घरात सुतक पाळलं जाईल, विषय संपला. आपणहून पेट घेऊ शकेल अशी वस्तू त्या सगळ्या पसाऱ्यात बॅटरी ही एकच, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नाही. सुट्या बॅटऱ्यांबद्दलचे नियम, सूचना आणि टिपा यांचा ढीग उपसला की तळाशी एकच गोष्ट सापडते: बॅटरी हे सामान नाही, ते बरोबर नेलेलं तान्हं मूल आहे. ते डिकीत टाकायचं नसतं आणि नजरेआडही करायचं नसतं.

'एवढीशी ती बॅटरी, ती काय करणार?' हा पहिला आक्षेप. एवढ्याशा बॅटरीच्या पोटात काय चाललेलं असतं ते पाहू. आत दोन ध्रुव एकमेकांना जवळजवळ चिकटून बसलेले, आणि त्यांना भिडू न देणारा पडदा केसाहूनही पातळ. भोवतीचा द्रव ज्वालाग्राही. बाहेरच्या दोन पट्ट्यांना किल्ली आडवी लागली की आत ठासलेली वीज एकदम वाट काढते, बॅटरी तापते, आणि ताप एका मर्यादेपलीकडे गेला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता निर्माण करू लागतात. तिथून पुढे किल्ली बाजूला केली तरी उपयोग नसतो. चांगल्या बॅटरीत असं होऊ नये म्हणून संरक्षक सर्किट असतं आणि ते बहुतेक वेळा आपलं काम चोख बजावतं. 'मी ओरिजिनलच घेतो' म्हणणाऱ्यांचं म्हणूनच निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी २०१६ सालचा सॅमसंग गॅलक्सी नोट ७ हा फोन आठवावा. तो पदपथावरून घेतलेला माल नव्हता, तरी बॅटऱ्या पेटू लागल्यानं जगभरातून परत मागवावा लागला आणि विमानांत त्याला मज्जाव झाला.

दुसरा आक्षेप खरोखर अक्कलहुशारीचा आहे आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत तो हमखास ऐकू येतो. 'वस्तू धोक्याची आहे ना? मग ती विमानाच्या पोटात सामानाबरोबर जाऊ दे की! माणसांच्या शेजारी कशाला बसवता?' नियम मात्र बरोबर उलटा आहे. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती प्रवाशाच्या हातातल्याच बॅगेत हवी. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतला ताप उतरवत नाही, आणि ताप उतरला नाही की शेजारचा सेल आपली पाळी आल्यासारखा पेटतो. वर केबिनमध्ये तीच बॅटरी धुमसू लागली तर आधी शेजारच्या प्रवाशाला वास येतो, मग तो ओरडतो, मग कर्मचारी ज्वाळा विझवून तिच्यावर पाणी ओततात. सगळ्या यंत्रणेत आरडाओरडा करणारा प्रवासी हाच सर्वांत भरवशाचा भाग आहे, आणि तो सामानाच्या कप्प्यात बसत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू ७४७ आगीमुळे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. काकांच्या मोज्यातल्या दोन बॅटऱ्या म्हणजे तो साठा नव्हे, हे कबूल. पण आग लागल्याचं उशिरा कळणं ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

यावर कायदेपंडित विचारतात, 'कॅमेऱ्यात घातलेली बॅटरी चेक-इनमध्ये चालते, मग सुटीनंच काय घोडं मारलं?' कॅमेऱ्यात बसलेल्या बॅटरीचं तोंड कॅमेऱ्यानं झाकलेलं असतं, आणि तरीही कॅमेरा पुरता बंद करून, चुकून सुरू होणार नाही अशा बेतानं ठेवावा लागतो. सुटीचं तोंड उघडं असतं, म्हणून ते आपण झाकायचं. कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीबरोबर येणारं पारदर्शक झाकण या बाबतीत पाहण्यासारखं आहे. त्याला बॅटरीच्याच आकाराची एक इवलीशी खिडकी असते. झाकण एका बाजूनं लावलं तर खिडकीतून निळा रंग दिसतो, फिरवून लावलं तर दिसत नाही. निळं दिसलं तर भरलेली, नाहीतर रिकामी, अशी खूण ठेवावी असं माहितीपुस्तिकेत सांगितलेलं असतं. एका दमडीच्या प्लॅस्टिकमध्ये सुरक्षा आणि स्मरणशक्ती अशा दोन्ही गोष्टी बसवल्या आहेत, आणि बहुतेक घरांत ते पहिल्याच आठवड्यात खोक्याबरोबर रद्दीत जातं. झाकण हरवलं असेल तर पट्ट्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावावी, किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी. दोन बॅटऱ्यांना प्रवासी साबणदाणीही चालते, फक्त त्यांची तोंडं एकमेकींना लागू देऊ नयेत. आपल्याकडे मौल्यवान ते सारं स्टीलच्या डब्यात घालण्याची परंपरा आहे. बॅटरीच्या बाबतीत ती मोडावी, कारण तो डबा म्हणजे चारी बाजूंनी किल्लीच.

केबिनमध्ये आणली की संपलं, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणापूर्वी जळालं. माणसं सगळी बाहेर पडली. आग डोक्यावरच्या सामानकप्प्यातून सुरू झाली आणि तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर मार्चपासून तिथल्या विमानांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. ती प्रवाशानं स्वतःजवळ ठेवायची. कप्पा केबिनमध्येच होता, पण झाकण लावलेला. तेव्हा बॅटऱ्यांची पिशवी पायाशी किंवा मांडीवर असलेली बरी. वरच्या कप्प्यात बाकरवडी खुशाल जाऊ दे.

आकड्यांचा बाऊ मात्र करू नये. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० पर्यंत विमानात साधारणपणे चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यातल्या दोनच सुट्या नेता येतात, १६० च्या वर प्रवाशाला मनाई. सोनीची एनपी-एफझेड१०० ही ७.२ व्होल्ट आणि २,२८० मिलीअँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे १६.४ वॉट-अवर. अशा सहा मिळून शंभराच्या आत राहतात, आणि मर्यादा तर दर बॅटरीला आहे. फोटोग्राफरला घाबरण्याचं कारण नाही. घाबरावं ते ३०,००० मिलीअँपिअर-अवरचा आकडा मिरवणारी पॉवर बँक घेतलेल्या भाच्यानं. ३.७ व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की ती १११ वॉट-अवरवर जाते, आणि काउंटरवर भाचा एकदम सगळ्यांच्या ओळखीचा होतो. बॅटरीवरचा छापील मजकूर पुसला असेल तर गुणाकार करायलाही काही उरत नाही.

लेहला पोचल्यावर बॅटरी दुसरं रूप दाखवते. जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधराच्या खाली सहज उतरतो, आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि सकाळी भरलेली बॅटरी पँगाँगच्या काठी, सुमारे ४,२५० मीटरवर, दहा फोटोंत 'संपले' म्हणून हात वर करते. काका दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. ती संपलेली नसते, गारठलेली असते. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली तर बराचसा जीव परत येतो. इथेही उपाय तोच, अंगाशी ठेवणं. फक्त त्या खिशात नाणी नकोत. मात्र बर्फात गारठलेली बॅटरी हॉटेलवर येताच तशीच चार्जरला लावू नये. शून्याखाली चार्ज करताना आतल्या ध्रुवावर लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. आधी काकांनी चहा घ्यावा, तोवर तीही खोलीच्या तापमानाला येते. मे महिन्यातल्या ताडोब्याला याच्या नेमकं उलट. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे राहिलेली बॅटरी आपणहून तापत असते, आणि वाघ दिसल्याच्या आनंदात तिची आठवण कुणालाच नसते.

घरी परतल्यावर बॅटऱ्या काठोकाठ भरून पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात टाकणं ही आपली दक्षता. उत्पादकांचा सल्ला वेगळा आहे. फार दिवस वापरायच्या नसतील तर कॅमेऱ्यातून काढून, साधारण अर्ध्या चार्जवर, कोरड्या थंड जागी ठेवाव्यात आणि अधूनमधून पाहाव्यात. पूर्ण भरलेली असताना ती लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी राहिली तर कधी उठतच नाही. 'थंड जागी' याचा अर्थ फ्रिज असा काढणारे काही जण आहेत, पण तिथून बाहेर काढताच तिला घाम फुटतो आणि दमटपणा पट्ट्यांना मानवत नाही. एखादी फुगलेली दिसली तर ती दाबून कॅमेऱ्यात बसवण्याचा पुरुषार्थ करू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिला घरच्या कचऱ्यापासून वेगळं काढलं आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी, किंवा जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात. दुकानदार मान वर न करता 'ठेवून जा तिथं' म्हणेल. 'तिथं' म्हणजे नेमकं कुठं, ते मात्र बघून यावं.