उधारीवरचा कर

विक्री दोनदा होते: एकदा बिल फाडताना, एकदा पैसे हाती येताना. कराचा हिशेब पहिल्या तारखेला धरला तर ती मर्कंटाइल पद्धत, दुसऱ्या तारखेला धरला तर रोख पद्धत. इंदूरचा कापड-व्यापारी कायद्याने पहिल्या पद्धतीचा आणि मनाने दुसऱ्या पद्धतीचा असतो.

महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधली घाऊक पेढी उधारीवर चालते आणि उधारी पिकांवर. देवास-खरगोनकडचा दुकानदार माल उचलताना तारीख सांगत नाही. ‘सोयाबीन आलं की देतो’ म्हणतो. कोणत्या सालचं सोयाबीन, हे विचारण्याचा रिवाज नाही.

समजा, त्याने जानेवारीत एक लाखाचे कापड नेले. पाच टक्क्यांनी कर 5,000 रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. जीएसटी कायद्याप्रमाणे माल निघताना बिल हवेच, आणि बिल झाले की कर लागू. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याने खरेदीवरचा कर वजा करून उरलेली रक्कम 20 फेब्रुवारीपर्यंत स्वतःच्या गल्ल्यातून भरायची. उशीर झाला तर सरकार वर्षाला 18 टक्के व्याज लावते. व्यापारी आपल्या थकबाकीदाराला चहा पाजतो.

आता इंदूरच्याच भंवरकुआं भागातला कोचिंग क्लास घ्या. तिथे फी आधी, शिकवणी मागाहून. सेवेच्या बाबतीत बिल किंवा पैसे यांपैकी जे आधी घडेल ते धरायचे, असा नियम असल्याने इथे सरकार रोख पद्धतीचे निस्सीम भक्त होते. मालाच्या आगाऊ रकमेलाही पूर्वी हाच न्याय होता. नोव्हेंबर 2017 मध्ये तो रद्द झाला.

खरेदीदारासाठी निराळी तऱ्हा. त्याने बिल पाहून कराची वजावट घेतली, पण 180 दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत, तर ती व्याजासह परत करावी लागते. पैसे चुकवल्यावर पुन्हा घेता येते. जानेवारीच्या कापडाचे 180 दिवस जुलैत भरतात. तेव्हा माळव्यात सोयाबीन नुकतेच पेरलेले असते.

पैसे बुडालेच तर? क्रेडिट नोट माल परत आला, कमी निघाला किंवा बिलात जास्त लावले गेले तर काढता येते. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, हे कारण कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्यांना पैसे आल्यावर व्हॅट भरण्याची मुभा आहे. बुडीत उधारीवरचा कर तिथे आपोआप टळतो. आपल्याकडेही सेवाकरात 2012 पासून 50 लाखांपर्यंतच्या छोट्या सेवादारांना अशी सवलत होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती गेली. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला विवरण तिमाही भरता येते खरे, पण कर दरमहाच. कागद उशिरा चालतो, पैसा नाही.

आयकरात मात्र वकील, डॉक्टर, कर-सल्लागार अजूनही रोख पद्धत निवडू शकतात. जीएसटीपुरती सल्लागारांनी आपली वाट काढली आहे. अशिलाकडे आधी ‘प्रोफॉर्मा’ जातो आणि पक्के बिल पैसे आल्यावर. सेवा दिल्यापासून 30 दिवसांत बिल काढायचे असते, पण सल्ला नेमका कधी पूर्ण झाला, हे सल्लागारच ठरवतो. कापडवाल्याला ही सोय नाही. त्याची गाठ हातगाडीवर चढताना अख्खा बाजार पाहतो.