वेगळी चूल

लाकडावर घर तापवणं स्वस्त पडतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाकडे हिशेबाची वही नसते. माझ्याकडे होती. पण पहिल्याच हिवाळ्यात तिच्यात चेनसॉ, तिच्या साखळीला धार लावायची कानस, कानांवरचे मफ, कुऱ्हाड, घण, पोलादी पाचरी, लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र आणि हा सगळा संसार ठेवायला एक शेड, अशा नोंदी ओळीने पडत गेल्या. बायकोने एका रविवारी वही बघायला मागितली. योगायोगाने त्याच सकाळी मला विस्तव पेटवायला कोरडा कागद हवा होता.

आम्ही राहतो अमेरिकेच्या ईशान्येला, व्हरमाँट राज्यात. इथे माणसं मोजकी आणि झाडं उदंड. राज्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगलच. हिवाळा नोव्हेंबरात येतो, मार्चअखेर निघतो म्हणतो आणि मग एप्रिलभर दारात चपला घालून गप्पा मारत उभा राहतो. 1973 साली तेल भडकलं तेव्हा इथल्या लोकांनी तळघरांतून आजोबांचे स्टोव्ह वर काढले, आणि 1975 मध्ये याच राज्यात बिडाचे स्टोव्ह ओतणारी व्हरमाँट कास्टिंग्ज ही कंपनी उभी राहिली. थोडक्यात, इथे लाकूड जाळणं हा छंद नाही, नागरिकत्व आहे.

आमचा स्टोव्ह बसला त्या दिवशी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. काळाशार, बिडाचा, पुढे काच, मागून छताकडे गेलेलं धुराडं. आई बराच वेळ बघत राहिली.

"सिलिंडर संपलाय का रे?"

"नाही गं आई, मुद्दाम घेतलाय."

"केवढ्याला?"

मी डॉलरमध्ये सांगितलं. आईचा डॉलरचा गुणाकार रिझर्व्ह बँकेपेक्षा चार पावलं पुढे असतो. तो करून झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या आजीला चुलीपुढे खोकताना बघितलं असतंस ना, तर एवढ्या पैशात तू दहा घरांतल्या चुली काढून दिल्या असत्यास."

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या पिढीने फुंकणी टाकून गॅसची नळी धरायला निम्मं आयुष्य वाट पाहिली. सरकारनेही 2016 साली उज्ज्वला योजना आणून गावोगाव सिलिंडर पोचवायला घेतले. सगळा देश चुलीकडून गॅसकडे निघालेला असताना तिचा इंजिनिअर मुलगा, चांगली बटणावर चालणारी भट्टी तळघरात असताना, उलट्या दिशेने निघाला होता. "नोकरी आहे ना रे?" तिने फोन ठेवता ठेवता विचारलं.

या स्टोव्हचा धूर घरात येत नाही हे मी आईला आजतागायत पटवू शकलेलो नाही. पण धूर घराबाहेर ठेवण्याच्या कामात बेंजामिन फ्रँकलिनसुद्धा कमी पडला होता. 1740च्या दशकात त्याने आपला नामांकित स्टोव्ह काढला, 1744 मध्ये त्याची भलावण करणारी पुस्तिकाही छापली. रचना अशी की, धुराने आधी वर चढायचं, मग खाली उतरायचं, जमिनीखालून जायचं आणि मग धुराड्याने वर निघायचं. कागदावर फार सुंदर. पण धुराला वर जाणं तेवढं कळतं, वळसे कळत नाहीत. जरा विस्तव मंदावला की तो खोलीत परतायचा. पुढे डेव्हिड रिटनहाउसने वाट सरळ केली, नाव मात्र फ्रँकलिनचंच राहिलं. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट फ्रँकलिनने लोककल्याणासाठी नाकारलं, हे शाळेत मोठ्या आदराने शिकवतात. माझा आपला अंदाज, तक्रारी कुणाच्या पत्त्यावर येतील याचाही त्याने विचार केला असावा.

आताच्या स्टोव्हना सरकारी मापं आहेत. 1988 मध्ये पहिली लागली; 2020 पासून तर तासाला दोन-अडीच ग्रॅमच्या वर काजळी-धूर सोडणारा नवा स्टोव्ह विकताच येत नाही. हे साधतं कसं ते मात्र बघण्यासारखं आहे. आत वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या पोलादी नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा येते. स्टोव्ह नीट तापला, आतली उष्णता सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की खालच्या ओंडक्यावरची ज्योत सुस्तावते, आणि वर, जिथे लाकडाचा तुकडाही नाही, तिथे निळ्या-पिवळ्या ज्वाळांची झालर हवेत लोंबायला लागते. तो धूर जळत असतो. मी पाहुण्यांना हे आवर्जून दाखवतो. दिवे मालवतो, समजावून सांगतो. मराठी मंडळातले लोक दोन मिनिटं मन लावून बघतात आणि मग इथे घरांचे भाव काय चाललेत ते विचारतात.

लाकूड विकत घेणं हे प्रकरण वेगळंच. पुण्यात वखारीत सरपण मणावर मिळायचं. काट्याकडे बोट दाखवून भांडता यायचं. इथे माप आहे 'कॉर्ड'. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी, म्हणजे 128 घनफूट. ओंडक्यांमधली हवाही त्यातच धरलेली. हवा किती आणि लाकूड किती, हे विकणाऱ्याच्या हातातलं कसब. त्यात लाकूड येतं ट्रकमधून, आणि ट्रकवाला ते अंगणात ओतून निघून जातो. त्या ढिगाकडे बघून तो कॉर्डभर आहे की नाही हे फक्त देवाला आणि ट्रकवाल्याला ठाऊक असतं. दोघेही काही बोलत नाहीत.

"वाळलेलं आहे ना?" असं विचारायची सोय आहे. उत्तर नेहमी हो असतं. विकणाऱ्याच्या लेखी 'वाळलेलं' म्हणजे झाड आता मुळावर उभं नाही, इतकंच. खरं तर ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा, त्याला फोडून रचल्यावर निदान एक उन्हाळा लागतो. ओकसारख्या हट्टी लाकडाला दोन. ओलं लाकूड पेटत नाही, रडतं. टोकांतून फेस येतो, सुं सुं आवाज काढतं, काच काळी करतं आणि त्याचा डांबरी धूर धुराड्याला आतून चिकटत जातो. या थराला क्रिओसोट म्हणतात. तो एके दिवशी पेटला की धुराडं विमानासारखं गर्जायला लागतं आणि गावचा बंब येतो. म्हणून मी ते ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. ओंडका ताजा फोडायचा, आतल्या अंगाला दोन सुया टोचायच्या, आकडा वाचायचा.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत, जन्म इथलाच. ते बोलतात कमी आणि बघतात फार. त्यांनी माझं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"बॅटरीवर चालतं?"

"हो."

"अरेरे," ते म्हणाले. मग त्यांनी थप्पीतले दोन ओंडके उचलले आणि एकमेकांवर आपटले. टण्ण वाजलं. दुसऱ्या थप्पीतले दोन आपटले. भद्द. "हे पुढच्या वर्षी," असं म्हणून ते गेले. यंत्राने नंतर अनुक्रमे 17 आणि 31 दाखवलं. मी त्यांना कळवलं नाही.

2 फेब्रुवारीला ते न चुकता येतात. त्या दिवशी निम्मं सरपण शिल्लक असलं पाहिजे, हा इथल्या शेतकऱ्यांचा जुना दंडक. ते माझ्या थप्पीपुढे हात मागे बांधून उभे राहतात, "हं" म्हणतात आणि जातात. शाळेतल्या तपासणीला मी इतका घाबरलेलो आठवत नाही.

त्यांचं-माझं पटत नाही ते एकाच बाबतीत. थप्पी रचताना साल वर की खाली? मी वर ठेवतो. कौलासारखं पाणी निथळतं. ते खाली ठेवतात. वरून ओलावा मोकळा उडून जातो. हा वाद फक्त आमच्या कुंपणावरचा आहे असं मला वाटायचं. पण 2013च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने जळाऊ लाकडावर सलग बारा तासांचा कार्यक्रम केला. लार्स मिटिंगच्या सरपणावरच्या पुस्तकावरून सुचलेला; त्यातले आठ तास तर नुसती शेकोटीच दाखवली. तेव्हा प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. आठ तास शेकोटी बघावी लागल्याच्या नव्हेत. काहींचं म्हणणं साल वर हवी होती, काहींचं खाली. बातमी वाचली तेव्हापासून मला नॉर्वेत नातेवाईक असल्यासारखं वाटतं.

आता वर्कशॉप. घरामागच्या खोलीत मी सुतारकाम करतो. ती खोली घराच्या स्टोव्हने तापत नाही म्हणून तिथे मी वेगळी चूल मांडली, जुनी, पत्र्याची. तिला ना वरच्या नळ्या ना झालर. विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन आला. स्टोव्ह ते भिंत 36 इंच, धुराडं छपरातून तीन फूट वर आणि दहा फुटांतल्या सगळ्यापेक्षा दोन फूट उंच, हे सगळं त्याने मोजलं. इथे गाडी ठेवता का? नाही. पेट्रोल? नाही. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या कुठे टाकता? पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात. त्या ढिगाने पडल्या तर आपल्या आपण तापून पेट घेतात. इथे तो खूष झाला. मग त्याने भुशाकडे, रंध्याच्या ढलप्यांकडे, लाकडी भिंतींकडे आणि मधोमध पेटलेल्या स्टोव्हकडे एकवार नजर फिरवली आणि हप्ता वाढवला.

खरा जाच गोंदाचा. सुतारकामाचा पिवळा गोंद दहा अंशांच्या खाली गारठला तर धरत नाही. खडूच्या भुकटीसारखा पांढरा पडतो आणि सांधा हाताने सुटतो. म्हणजे संध्याकाळी खुर्चीचे पाय शिकंज्यात आवळून ठेवले की रात्रभर खोली ऊबदार राहायला हवी. स्टोव्ह तर चार तासांत जेवण मागतो. मग बाहेर उणे वीस, मी अंगावर शाल, पायात बर्फाचे बूट, हातात विजेरी घेऊन दार उघडतो.

"कुठे निघालास?" अंथरुणातून प्रश्न येतो.

"गोंदाला बघून येतो."

मुलगी लहान असताना रात्री मी इतक्या वेळा उठलो नव्हतो, ही नोंद बायकोने केलेली आहे.

तिथे टेबलावर मेपल आणि स्टोव्हमध्येही मेपल. दोघांतला फरक बहुधा पाव इंचाचा असतो. तेवढा आखूड कापला गेलेला पाय त्याच संध्याकाळी आगीत जातो. त्याच्यासारखं सरपण नाही: भट्टीत वाळवलेलं, चारी बाजूंनी रंधलेलं, कडा गोल केलेलं. प्लायवूड आणि एमडीएफ मात्र घालायचं नाही, त्यातले गोंद जाळले तर विषारी धूर निघतो. घरच्या स्टोव्हला मेपल आणि बीच, वर्कशॉपला पाइन आणि पॉप्लर, अशी बायकोने वाटणी ठरवून दिली आहे. ती थप्पीवर लक्ष ठेवते.

एरवी तिचं या प्रकरणाशी देणंघेणं नव्हतं. स्टोव्हने तिला जिंकलं ते विरजणाच्या मार्गाने. इथल्या हिवाळ्यात दूध रात्रभर विचार करतं आणि सकाळी दूधच राहतं. ओव्हनमधला दिवा लावून बघितला, दुलईत गुंडाळून बघितलं. आता स्टोव्हसमोर एक स्टूल आहे. त्याची जागा जमिनीवर चिकटपट्टी लावून ठरवलेली: वीतभर पुढे सरकलं तर दही आंबट होऊन पाणी सुटतं, वीतभर मागे गेलं तर ताक करायच्याही लायकीचं नाही. त्यामुळे रात्री "झोपायच्या आधी मोठा ओंडका घाल, विरजण लावलंय," असा हुकूम सुटतो. पाठोपाठ भरीतही आलं. निखारे पुढे ओढायचे, वांगं थेट त्यावर, साल फुटून रस चुरचुरला की परतायचं. स्टोव्हचं दार उघडं असल्याने घरातले सगळे धुराचे अलार्म एका सुरात ओरडतात. ते ऐकूनच मुलं जेवायला येतात. शेजारच्या आजोबांना वाटीभर दिलं. ते म्हणाले, "यात धूर आहे." मग वाटी पुढे केली.

थोरली मुलगी बॉस्टनला असते. तिला हवेची आणि आमच्या कंबरेची काळजी. "बाबा, आता हीट पंप बसवा," असा तिचा धोशा. त्यावर इथे सवलतीही मिळतात. शेवटी तिने परस्पर एक तरुण पाठवलाच. टॅबलेट घेऊन आला, ओले मोजे वाळत घालायला स्टोव्हपुढे बसला. उणे 25 अंशांतही चालणारे पंप आता मिळतात, फक्त बटण दाबायचं, असं त्याने नीट समजावलं. बायकोने त्याला चहा दिला. बोलता बोलता त्याची नजर वरच्या झालरीवर गेली आणि तो बोलायचा थांबला. मग विचारलं, हे मेपल कुठून घेता? थप्पी बघू का? बाहेर जाऊन आला तो म्हणाला, साल खाली ठेवायला हवी होती.

पंपाचं कोटेशन अजून आलेलं नाही. तो मात्र शनिवारी येतोय. किडीने इथले ॲशवृक्ष मरायला लागलेत, त्याच्या आजोबांच्या शेतावरचे दोन पाडायचे आहेत, आणि त्याच्याकडे चेनसॉ नाही.